शेगड्यापासून सुरुवात

खंडेनवमीला आमच्या घरी पाटावर हत्यारे मांडून त्यांची पूजा होते. माझे बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होते. ते होते तोवर ही पूजा तेच करत, आता ती माझ्याकडे आली आहे. यंदा पूजेला आलेल्या माझ्या भाच्याने पाटावरच्या हत्यारांकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, "मावशी, नव्या फ्लॅटसाठी एखादा चांगला सेट घ्यायचा आहे, कुठला घेऊ?" त्याने मोबाइलवर एक पेटीही दाखवली. तिच्यात शंभराहून जास्त नग होते आणि प्रत्येकाला प्लॅस्टिकमध्ये स्वतंत्र खाच होती. ती घेऊ नकोस, एवढेच मी त्याला तेव्हा सांगितले. त्यामागची कारणे सांगायला सणाच्या दिवशी वेळ नव्हता, म्हणून ती इथे सविस्तर लिहीत आहे.

तशीच एक पेटी मी बारा वर्षांपूर्वी घेतली होती. कपाटाच्या बिजागरीचा एक घट्ट बसलेला स्क्रू काढताना तिच्यातल्या स्क्रू-ड्रायव्हरचे टोक पहिल्याच दिवशी मेणासारखे गोल झाले. पण त्या पेटीचा खरा दोष मला पुढे बऱ्याच दिवसांनी कळला. घरातल्या हातकामाच्या मोजक्याच क्रिया असतात: मोजून आखणे, धरणे, कापणे, घासणे, ठोकणे आणि कसणे. माझ्या पेटीतले बहुतेक सगळे नग यांपैकी एकाच, म्हणजे कसण्याच्या कामाचे होते. एक हातोडी, एक मोजपट्टी आणि एक पक्कड सोडली, तर बाकी सगळी निरनिराळ्या मापांची टोके आणि सॉकेट होती. वस्तू घट्ट धरून ठेवण्यासाठी तिच्यात काहीच नव्हते. बाजारातल्या तयार संचांमध्ये हीच उणीव सर्वांत जास्त आढळते आणि तिची किंमत आपल्याला हातावर मोजावी लागते.

मी ती मोजली आहे. पडद्याची स्टीलची नळी कापायची होती. मी ती स्टुलावर ठेवली, डाव्या हाताने दाबली आणि उजव्या हाताने हॅक्सॉ, म्हणजे धातू कापायची करवत, चालवू लागले. हॅक्सॉला इंचाला १८ दातांचे ब्लेड होते, म्हणजे दोन दातांमधले अंतर जवळजवळ दीड मिलिमीटर, आणि नळीच्या पत्र्याची जाडी जेमतेम एक मिलिमीटर होती. पत्रा दोन दातांच्या मध्ये अडकला, नळी हाताखाली गर्रकन फिरली आणि ब्लेड अंगठ्याच्या मुळाशी उतरले. तीन टाके पडले. बाबांनी जखम पाहिली, मग नळी पाहिली आणि विचारले, "शेगड्यात का नाही धरलीस?" घरात शेगडा, म्हणजे वस्तू जबड्यांत आवळून घट्ट धरणारे हत्यार, नव्हता. पुढच्या रविवारी तो आला.

म्हणून माझ्या मते संचाची सुरुवात शेगड्यापासून, म्हणजे लोक ज्याला बेंच व्हाइस म्हणतात त्यापासून करावी. घरासाठी चार इंची जबड्याचा पुरेसा होतो. फ्लॅटमध्ये तो बसवायचा कुठे, असा प्रश्न पडतो, कारण फिटरचे टेबल ठेवायला कोणाकडे जागा नसते. बाबांनी दोन इंच जाडीच्या सागवानी फळीवर शेगडा बोल्टने कायमचा बसवला आणि ती फळी काम असेल तेव्हा भक्कम टेबलाच्या कडेला दोन जी-क्लॅम्पने (स्क्रूने आवळायच्या जी आकाराच्या पकडींनी) आवळायची, अशी सोय करून दिली. काम संपले की फळीसकट शेगडा पलंगाखाली जातो. उंचीचा नियम त्यांनी आयटीआयमध्ये शिकलेलाच सांगितला: शेगड्याचा वरचा भाग आपल्या कोपराच्या उंचीला यावा. तो खाली असला तर कंबर भरून येते आणि वर असला तर धातू घासायच्या कानशीवर अंगाचा भार पडत नाही. जबड्यांचे दाते पितळेला किंवा लाकडाला व्रण करतात, म्हणून ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे दोन तुकडे काटकोनात वाकवून त्यांच्यावर टोपीसारखे बसवावेत. जी-क्लॅम्प दोन तरी हवेत, कारण एकाच क्लॅम्पने धरलेली वस्तू त्याच्याभोवती फिरते.

धरण्यानंतर माझ्या दृष्टीने मोजण्याचा क्रम लागतो. मोजपट्टीच्या टोकाची पत्र्याची आकडी किंचित हलते, त्यामुळे ती सदोष आहे असे समजून पुष्कळजण पट्टी परत करतात. ती मुद्दाम तशी केलेली असते. आकडी कडेला अडकवून माप घेताना ती स्वतःच्या जाडीइतकी बाहेर सरकते आणि भिंतीला टेकवून माप घेताना तितकीच आत येते, म्हणून दोन्ही मापे बरोबर येतात. तिच्या जोडीला एक फूट लांबीची स्टीलची पट्टी आणि काटकोन आखायला सुताराचा गुण्या घ्यावा.

गुण्या मात्र तपासल्याशिवाय घेऊ नये. पुण्याच्या रविवार पेठेतल्या बोहरी आळीत मी गुण्या मागितला, तेव्हा दुकानदार म्हणाले, "ताई, सगळे एकसारखेच आहेत, कुठलाही घ्या." मी त्यांच्याकडून सरळ कडेचा एक प्लायवूडचा तुकडा मागून घेतला. गुण्याचा जाड भाग त्या कडेला दाबून पेन्सिलने एक रेघ मारली, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारली. गुण्या खरा असेल तर दोन्ही रेघा एकमेकींवर पडतात. खोटा असेल तर त्या वरच्या बाजूला फाकतात, आणि चूक दुपटीने दिसत असल्यामुळे ती डोळ्यांतून सुटत नाही. पहिल्या तीन गुण्यांच्या रेघा फाकल्या, चौथ्याची एकच रेघ दिसली. ते पाहिल्यावर दुकानदारांनी स्वतःच पेन्सिल घेतली, उरलेले गुण्ये तपासले आणि त्यांतले दोन बाजूला काढून ठेवले. त्या माणसाबद्दल मला तेव्हापासून आदर वाटतो. पाण्याच्या लेव्हलची परीक्षाही अशीच करावी. ती एका जागी ठेवून बुडबुडा पाहावा, मग टोकाकडून टोकाकडे फिरवून त्याच जागी ठेवावी. बुडबुडा पहिल्याइतकाच आणि त्याच बाजूला सरकलेला दिसला पाहिजे.

कसण्याच्या हत्यारांबद्दल थोडेच सांगते, कारण तयार पेट्यांमुळे त्यांची माहिती सर्वांना असते. स्टार, म्हणजे फिलिप्स जातीचा स्क्रू-ड्रायव्हर दोन नंबरचा घेतला की घरातले बहुतेक स्क्रू त्याने फिरतात. पण हल्लीच्या फर्निचरच्या बिजागऱ्यांत फिलिप्ससारखाच दिसणारा पॉझिड्राइव्ह जातीचा स्क्रू पुष्कळदा असतो. त्याच्या चौफुलीच्या मधोमध आणखी चार बारीक रेघा दिसतात. त्याला फिलिप्सचे टोक लावले की ते उसळून बाहेर येते आणि स्क्रूचे तोंड खराब होते, म्हणून दोन्ही जातींचा एकेक घ्यावा. पाने घेताना ८-९ पासून १८-१९ पर्यंतचे दुतोंडी सहा रिंग पाने पुरतात. ६ मिलिमीटरच्या बोल्टला सहसा १० चा, ८ च्या बोल्टला १३ चा, १० च्या बोल्टला १७ चा आणि १२ च्या बोल्टला १९ चा पाना लागतो. जपानी धाटणीच्या दुचाकींत १२ आणि १४ चे काम जास्त पडते. जबडा सरकवून माप बदलता येणारा स्क्रू पाना जरूर ठेवावा, मात्र जोर त्याच्या स्थिर जबड्यावर येईल अशा दिशेनेच तो ओढावा. पक्कडीने नट फिरवणाऱ्याच्या हातातून बाबा पक्कड काढून घेत असत, कारण पक्कड नटाला कोपऱ्यांवर धरते आणि ते कोपरे झिजले की मग कुठलाच पाना त्या नटावर बसत नाही.

पक्कड, पाने, स्क्रू-ड्रायव्हर या वस्तूंसाठी आपल्याला दूर पाहण्याची गरज नाही. नाशिकच्या टपारिया कंपनीचा कारभार १९६९ मध्ये एका स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने सुरू झाला, आणि तिची आठ इंची पक्कड बाबांच्या पेटीत इतकी वर्षे वापरूनही तोंडाशी घट्ट मिटते. विजेच्या कामाला मात्र मुठीवर १००० व्होल्टची खूण असलेलीच हत्यारे घ्यावीत आणि तरीही मेन स्विच आधी बंद करावा.

कापण्याच्या हत्यारांशी मी सर्वांत जास्त वेळ घालवते. हॅक्सॉच्या ब्लेडचा नियम माझ्या अंगठ्याने मला शिकवला: एका वेळी निदान तीन दात धातूवर टेकले पाहिजेत. जाड पट्टीला १८, नेहमीच्या कामाला २४ आणि पातळ नळीला ३२ दातांचे ब्लेड वापरावे, आणि नळी फारच पातळ असेल तर ब्लेड किंचित तिरपे धरून कापावे. दातांची टोके आपल्यापासून पुढे असावीत, कारण हॅक्सॉ ढकलताना कापतो.

लाकडासाठी एक करवत आणि तासायला दोन पटाशा, एक अर्धा इंची आणि एक इंची, एवढे पुरे. नवी पटाशी दुकानातून धारदार येते, असा समज आहे तो चुकीचा आहे. तिला धार आपल्यालाच लावावी लागते. आधी तिची सपाट पाठ निसण्यावर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, तेल टाकून टोकाजवळ आरशासारखी करावी. मग उतार सुमारे २५ अंशांवर घासावा आणि शेवटी टोकाला ३० अंशांचा अगदी अरुंद पट्टा द्यावा. घासता घासता पाठीच्या बाजूला बोटाला लागणारी बारीक कोर तयार होते. कारागीर तिला बर म्हणतात. ती टोकाच्या संपूर्ण रुंदीवर जाणवली की धार कडेपर्यंत पोहोचली असे समजावे, आणि पाठ दोनदा निसण्यावर सपाट ओढून ती काढून टाकावी. परीक्षा म्हणून मी देवदाराच्या तुकड्याचे आडवे टोक तासून पाहते. बोथट पटाशी तिथले तंतू चुरडते आणि पृष्ठभाग पांढुरका, भुसभुशीत दिसतो. धार नीट असेल तर तो गुळगुळीत होतो आणि थोडा चमकतोही. म्हणून निसण्याचे पैसे पटाशीच्या किमतीतच धरावेत. पटाशी चालवताना दोन्ही हात धारेच्या मागे असले पाहिजेत, आणि ते शक्य होण्यासाठी लाकूड दुसऱ्या कशाने तरी धरलेले असावे लागते.

हातोडी अर्धा किलोची, गोल डोक्याची एक आणि खिळे उपटणारी एक, अशा दोन घ्याव्यात. दांडा डोक्यात लाकडी किंवा लोखंडी पाचर मारून बसवलेला असतो. ती पाचर सैल झाली असेल तर हातोडी त्या दिवशी वापरू नये.

कानस हे बाबांचे आवडते हत्यार होते. आयटीआयत फिटरची मुले सुरुवातीचे कित्येक आठवडे लोखंडाचा तुकडा सपाट आणि काटकोनी घासण्यातच घालवतात, आणि त्या सरावामुळे बाबांच्या हाताला आलेला समतोल मला कधीच साधला नाही. एक चपटी, एक अर्धगोल आणि एक गोल कानस ठेवावी. मुठीशिवाय कानस चालवू नये, तिचे शेपूट तळहातात घुसते. कानस फक्त पुढे जाताना कापते, म्हणून मागे आणताना ती उचलावी. तिच्यावर खडू घासला की दात्यांत कीस भरत नाही.

जुन्या बाजाराबद्दल लोक मला नेहमी विचारतात. मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या त्या बाजारातून मी शेगडा, पटाशी आणि हातोडीचे डोके बिनधास्त घेईन, कारण वरवरचा गंज रॉकेल आणि पॉलिश पेपरने निघतो. पटाशीत अजून किती पोलाद शिल्लक आहे ते पाहावे, आणि पाठीला खड्डे पडले असतील तर ती सोडून द्यावी. शेगड्याचा जबडा कागदाच्या दोन पट्ट्यांवर, दोन्ही टोकांना एकेक ठेवून, मिटवावा आणि दोन्ही पट्ट्या ओढून पाहाव्यात. एक सुटली तर जबडा तिरका आहे. ओतीव शेगड्याला वेल्डिंग केलेले दिसले तर हात लावू नये. जुनी कानस मात्र कधीच घेऊ नये, कारण एकदा गेलेले दाते घरी परत आणता येत नाहीत.

पावसाळ्याचे चार महिने पुण्याची हवा लोखंडाला सोसत नाही. शिलाई मशीनचे तेल लावलेल्या कापडात मी हत्यारे गुंडाळून ठेवते. कानशींना मात्र तेल लावत नाही, त्यांना कोरड्या फडक्यात वेगळे ठेवते.

भाचा गेल्या रविवारी पुन्हा आला. आम्ही दोघे भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये जाऊन दोन इंची फळीचा तुकडा घेऊन आलो, त्यावर नव्या चार इंची शेगड्याची भोके आखली आणि १० मिलिमीटरचे चार बोल्ट त्याने माझ्या १६-१७ च्या पान्याने स्वतः आवळले. बोहरी आळीत त्याने सहा गुण्ये तपासून त्यांतला दुसरा निवडला. पेटीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतले बरेचसे अजून त्याच्याकडे शिल्लक आहेत. स्वयंपाकघराचा एक खण अडकतो आहे, त्यासाठी त्याला इंची पटाशी लागेल. ती घ्यायला आणि तिला धार लावायला तो पुढच्या रविवारी येणार आहे.