आमची वाटचाल: भांड्यावर नाव कुणाचं?

लातूरच्या गंजगोलाईतून सोळा रस्ते फुटतात. त्यातल्या एका रस्त्याच्या आतल्या बोळात आमचं भांड्यांचं दुकान आहे. सासऱ्यांनी ते टाकलं तेव्हा लातूर जिल्हा नुकताच, १९८२ साली, उस्मानाबादेतून वेगळा झाला होता. धंदा सरळ होता: स्टील किलोवर विकायचं आणि गिऱ्हाइकाला हवं तर त्यावर नाव घालून द्यायचं. आधी छिन्नी-हातोडीनं टिंबाला टिंब जोडून अक्षर काढत, पुढं विजेवरचं मशीन आलं. आज आमच्या वर्षाच्या कमाईतला मोठा वाटा दसरा ते भाऊबीज या दिवसांतल्या भेटवस्तूंचा आहे. भांड्यांवरून भेटींवर आम्ही कसे आलो ते लिहायला घेतलंय, कारण दिवाळी जवळ आली की "कुणाला काय द्यावं?" हा प्रश्न घेऊन निम्मं गाव आमच्या पायरीवर बसलेलं असतं.

आपल्याकडं भांड्यावर नाव देणाऱ्याचं असतं. "मामाकडून सप्रेम भेट", खाली गाव आणि साल. त्याला कारणंही आहेत. पंगतीला चार घरची पातेली एकत्र येतात, शेजारी परात उसनी जाते, परत येताना बदलते. नाव असलं की भांडण नाही. शिवाय कुणी काय दिलं हे चारचौघांनी वाचावं अशीही इच्छा असते, ती काही वाईट नाही. आमच्या घरात एक परात आहे, तिच्यावरून सासूबाईंच्या लग्नात कोणत्या मामानं मान राखला आणि कोणत्या मामानं हात आखडला हे अजूनही सांगता येतं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीचा भूकंप झाला. दीड महिन्यावर दिवाळी होती. मदत देणाऱ्या मंडळांनी आणि व्यापाऱ्यांनी भांड्यांचे संच मागवायला सुरुवात केली. सासरे सांगायचे, प्रत्येकाची यादी जवळपास तीच असायची: ताट, वाटी, पेला, तांब्या, आणि सगळ्यावर देणाऱ्याचं नाव ठळक. पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या घरात पेले डझनानं झाले, तवा मात्र एकही नाही. पोळपाट नाही, विळी नाही, पीठ चाळायला चाळणी नाही. त्यांनी औशाच्या बाजूला दोन-तीन गावांत जाऊन बायकांना विचारलं आणि दुकानात परत येऊन संच बदलला. काठवट, तवा, उलथनं, विळी, चाळणी, एक झाकणाचं पातेलं, पाण्याला कळशी. पेले दोनच. नाव घालायला त्यांनी नकार दिला. "भाकरी करताना रोज कुणाचं तरी नाव कशाला वाचायला लावायचं?" असं ते म्हणाल्याचं घरात सांगतात. काही मंडळांनी ऑर्डर दुसरीकडं नेली. नेऊ द्या म्हणाले.

मी या घरात आले त्याला बरीच वर्षं झाली. गल्ल्यावर बसायला लागले तेव्हा पहिलं काय दिसलं असेल तर एकच वस्तू गावभर फिरते. आहेरातला ब्लाउज पीस तर कुणी शिवतच नाही. एका घरातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या, आणि कधी कधी मूळ मालकिणीकडंच परत. टॉवेल-टोपीचं तेच. काचेचा गणपती, फोटोची चौकट, सोनेरी कागदातला मोर यांचा मार्गही वेगळा नव्हता. आम्हीही असला माल काही काळ ठेवला. विकला जायचा चांगला, पण तीच गिऱ्हाइकं पुढच्या वर्षी "मागच्यासारखं नको, काहीतरी वेगळं" म्हणत यायची. तो माल बंद केला.

गाडी खरी वळली ती एका दालमिलवाल्या काकांमुळं. लातूर तुरीची मोठी बाजारपेठ, त्यामुळं आडत आणि दालमिल ही आमची जुनी गिऱ्हाइकं. काकांना सगळ्या हमालांसाठी भिंतीवरची घड्याळं हवी होती, वर मिलचं नाव छापून. मी विचारलं, काका, हमाल तुमच्याच मिलमध्ये काम करतात की आणखी कुठं? म्हणाले, तीन-चार ठिकाणी. मग त्यांच्या घरात आत्ताच तीन-चार घड्याळं असतील की! काका हसले आणि बसले. ज्या भेटीवर देणाऱ्याचं दुकान छापलेलं असतं ती जाहिरात असते, आणि ती हमालाच्या भिंतीवर फुकट लावायची असते, हे मी त्यांना अर्थात इतकं सरळ बोलले नाही.

शेवटी ठरलं असं, की बिऱ्हाड इथं आहे त्याला पाच लिटरचा कुकर, आणि जो एकटा राहून गावाकडं पैसे पाठवतो त्याला तीन कप्प्यांचा जेवणाचा डबा. कुकरवर नाव घरातल्या बाईचं. मुनीम कुरकुरला, कारण पगाराच्या यादीत हमालाचं नाव असतं, बायकोचं नसतं. विचारून विचारून त्यानं यादी केली. पुढच्या वर्षी काकांनी यादी स्वतःच पाठवली.

पण नाव घालण्यातही एक गोम आहे, ती बायकांनीच लक्षात आणून दिली. नाव घातलेलं भांडं पुढं देता येत नाही. कामाला जाणाऱ्या बाईला मिळालेला चांगला डबा ती वापरत नाही, लेकीच्या लग्नासाठी कपाटावर ठेवते. त्यावर तिचंच नाव असलं तर लेकीला देताना कसंतरी वाटतं. म्हणून आता आम्ही भांडं कोरंच देतो आणि आत एक चिठ्ठी ठेवतो: हे भांडं कधीही आणा, हवं ते नाव फुकट घालून मिळेल. तारखेची अट नाही. दिवाळीच्या चिठ्ठ्या लग्नसराईत, कधी कधी दोन वर्षांनी येतात. मशीनवाला वैतागतो.

घरी काम करणाऱ्या माणसांबद्दल मात्र मी गिऱ्हाइकाला आधी एकच सांगते, आणि ते माझ्या धंद्याच्या विरुद्ध आहे. पोस्त रोख द्या. वस्तू त्याच्यावर, त्याच्या ऐवजी नाही. कारखान्यात वीस किंवा जास्त माणसं असली की पात्र कामगाराला किमान ८.३३ टक्के बोनस कायद्यानं मिळतो. तो आकडा म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, सरळ भाषेत एक महिना. धुणं-भांडी करणाऱ्या मावशींना, स्वयंपाकाच्या काकूंना हा कायदा लागू नाही, पण माप तर तयार आहे. ज्या घरांत एक महिन्याचा पगार पोस्त म्हणून देतात तिथं मावशी टिकतात, हे आमच्या बोळातल्या कुणालाही विचारा.

आणि वेळ पाळा. भाऊबीज उलटल्यावर उरलेली करंजी आणि पाकीट देऊन काय उपयोग? तिलाही धनत्रयोदशीच्या आत किराणा भरायचा असतो, पोरांचे कपडे घ्यायचे असतात. वसुबारसेच्या आधी पैसे हातात पडले तर तिची दिवाळी तिच्या मनासारखी होते. साडी द्यायची तर तिला दुकानात सोबत न्या. आपण निवडलेली साडी आपल्याला तिच्या अंगावर बरी वाटणारी असते. तिला कोणता रंग हवा हे तिनं कुणाला सांगायचं? आणि झाडू, पोछा, बादली असलं काही भेट म्हणून कृपा करून देऊ नका. मी हे लिहितेय कारण मागणारे येतात.

वॉचमनसाठी सहा जणांचा डिनर सेट घ्यायला एक सोसायटी आली होती. तो माणूस किनवटकडचा, सुट्टी मिळाली की एसटीनं निघणार. ते काचेचं खोकं मांडीवर घेऊन तो किनवटपर्यंत जाणार? त्याला चांगली ब्लँकेट दिली, पिशवीसकट, आणि उरलेले पैसे पाकिटात. सालगड्याचं वेगळं. त्याचं साल गुढीपाडव्याला ठरतं, कपडे पोळ्याला होतात, म्हणून दिवाळीत बायकोसाठी आणि पोरांसाठी काही असेल तर ते बोलतं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची दिवाळी तर बऱ्याचदा फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत होते. आमचे काही शेतकरी गिऱ्हाईक त्यांना निघायच्या आधीच देतात: ताडपत्री, चार्जिंगची बॅटरी, झाकणाची पाण्याची टाकी, लेकरांना स्वेटर. पाण्याच्या भांड्याचं महत्त्व लातूरकराला वेगळं सांगायला नको. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं तेव्हा आहेरातसुद्धा लोक ड्रम देत होते.

बहिणीचा प्रश्न उलटा आहे. तिला सगळं आहे. पुण्याच्या दोन खोल्यांत तिच्याकडं आधीच इतकी भांडी आहेत की भावानं आणखी एक आणलं तर ती हसून घेईल आणि माळ्यावर टाकेल. अशा भावांसाठी आम्ही "माहेरची पिशवी" सुरू केली आणि आज दुकानात सगळ्यात जास्त तीच खपते. जाड सुती पिशवी, आत निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच, वसमतची हळद, जालन्याकडची दगडी ज्वारी. या चौघींनाही २०२४ साली भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय टॅग, मिळालं, पण आमची पिशवी त्याच्या आधीची आहे. मानांकनाचं चिन्ह आम्ही छापत नाही. ते वापरायचा हक्क नोंदणीकृत वापरकर्त्यालाच असतो, म्हणून शेतकरी गटाच्या पुड्यावर जे छापून येतं तेच ठेवतो.

यातली गंमत हंगामाची. दिवाळीत मूग-उडीद ताजे असतात, सोयाबीन दारात असतं, पण तूर निघून नऊ-दहा महिने झालेले असतात. म्हणून डाळ उन्हाळ्यात घेऊन, ऊन दाखवून, बंद पिंपात ठेवावी लागते. चिंच उन्हाळ्यातच चिंचोके काढून मीठ लावून ठेवतो, तरी दिवाळीपर्यंत ती काळसर पडते. शहरातल्या वहिनींना वाटतं खराब झाली. आता पिशवीवरच लिहितो, रंग असाच असतो.

भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीच्या खव्याचे पेढे बहिणी हमखास मागतात, आणि ते आम्ही पिशवीत घालत नाही. खवा दोन दिवसांपलीकडं भरवशाचा नाही. भाऊ ज्या दिवशी निघणार त्या सकाळी पेढा वेगळा आणून देतो, नाहीतर नाही.

दुसरं काम वाकळीचं, म्हणजे गोधडीचं. आईच्या, आजीच्या जुन्या सुती साड्या घेऊन लोक येतात. आमच्याकडच्या बचत गटाच्या बायका त्याची वाकळ शिवून देतात. एका वाकळीला साड्या किती लागतील ते जाडीवर ठरतं, आणि हाताचा टाका असल्यामुळं श्रावणातच साड्या द्याव्या लागतात. आश्विनात येणाऱ्याला आम्ही हात जोडतो. सिंथेटिक साडी घेत नाही, दोरा धरत नाही आणि पांघरल्यावर घाम येतो. भावंडं तीन असली तर एकाच आजीच्या साड्यांच्या तीन छोट्या वाकळी करतो. त्या वाटणीवरून दुकानात झालेली भांडणंही आम्ही पाहिलीत. असो.

मित्रांसाठी फार विचार करू नये असं माझं मत. फराळाचा डबा द्यावा, डबा चांगला असावा, झालं. आपल्याकडं डबा रिकामा परत जात नाही, त्यामुळं तो वर्षभर दोन घरांत फिरत राहतो. या एका वस्तूवर मात्र देणाऱ्याचं नाव हवंच, नाहीतर परत यायचा नाही.

कंपन्यांच्या ऑर्डरी येतात, त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट. पितळेची समई, सुका मेवा आणि उटणं एकाच खोक्यात एकाच किमतीला विकलं, तर जीएसटी त्यातल्या सगळ्यात जास्त दराच्या वस्तूचा साऱ्या खोक्यावर लागतो. म्हणून आमचं बिल वस्तूवार असतं आणि खोकं रिकामं मिळतं, भरायचं तुम्ही. हिशेबनीस खूश होतात, साहेबांना जरा गैरसोयीचं वाटतं.

सध्या दुकानात मी, माझे मालक, मशीनवर एक कारागीर आणि दिवाळीपुरत्या येणाऱ्या चार मुली, कॉलेजच्या. त्यांना मी वस्तूंचे भाव पाठ करायला लावत नाही, प्रश्न पाठ करायला लावते. घरी माणसं किती? गॅस आहे की चूल? सणाला इथं राहणार की गावी जाणार? मागच्या वर्षी काय दिलं होतं? गिऱ्हाइकाला यातल्या दोन प्रश्नांचीही उत्तरं येत नसतील तर त्याला वस्तू दाखवायची नाही, चहा पाजायचा आणि घरी फोन लावायला सांगायचा. एक-दोन जण चिडून गेले. बहुतेक जण तिथंच बसून बायकोला विचारतात, बायको मावशींना विचारते, आणि अर्ध्या तासात यादी निम्मी बदलते.

यंदाचं सांगून थांबते. पिशवीच्या ऑर्डरी दसऱ्यापर्यंत घेऊ. नाव घालायचं काम वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी बंद, मशीन एक आणि कारागीरही एकच आहे. लक्ष्मीपूजनाला दुकान दुपारपर्यंत उघडं, आणि पाडव्याला बंद, कारण त्या दिवशी कारागिराच्या घरी आमचं जेवण असतं.