वाघ, कचऱ्याची गाडी आणि पुन्हा वाघ

एडिसन, न्यू जर्सी

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

ताईला वाघ व्हायचंय. परवा कचऱ्याची गाडी दारावरून गेली तेव्हा ती कचऱ्याची गाडी होणार होती आणि त्याआधी भोपळा. साडेतीन वर्षांच्या पोरीला आज विचारलं तर आजचंच उत्तर मिळणार, हे मला मान्य आहे. हॅलोविन, म्हणजे मुलांनी सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागायचा सण, ३१ तारखेला आहे, अजून पुष्कळ अवकाश आहे.

दुपारी पोशाख बघायला गेलो. बंद पडलेल्या मोठ्या दुकानांच्या जागेत इथे उन्हाळा सरता सरता हॅलोविनची दुकानं उघडतात आणि नोव्हेंबर लागला की गाशा गुंडाळतात. आत शिरतानाच माणसाएवढा एक सांगाडा होता. समोरून कुणी गेलं की त्याचे डोळे लाल व्हायचे आणि तो कमरेतून पुढे झुकायचा. धाकटा नुकता दोनचा झालाय. त्यानं माझ्या मानेत तोंड खुपसलं, ते थेट पार्किंगमध्ये आल्यावर वर काढलं. ताई मात्र सांगाड्यासमोर उभी राहिली आणि तिनं विचारलं, "आई, हा आधी कोण होता?"

९ ऑक्टोबर

तिचा तो प्रश्न डोक्यातून जात नाही. कॉलेजात बालमानसशास्त्राला एक प्रयोग होता, तो आज पुन्हा काढून वाचला. ऱ्हेटा डी व्हरीस या संशोधिकेनं १९६९ साली प्रसिद्ध केलेला. मेनार्ड नावाचं एक गरीब मांजर मुलांना दाखवलं, कुरवाळू दिलं. मग त्याची पुढची बाजू आडोशाआड करून त्याला कुत्र्याचा मुखवटा चढवला. मागचा भाग, शेपूट, सगळं मुलांच्या डोळ्यांसमोरच होतं. तरी तीन वर्षांची बरीच मुलं म्हणाली, हा आता कुत्रा आहे. सहा वर्षांच्या मुलांना ते तेवढं पटलं नाही.

म्हणजे ताई वाघ "होणार" म्हणते तेव्हा ती अगदी मनापासून होणार म्हणते. आपण दुकानात साईझ आणि किंमत बघतो, आणि तिच्यापुढे मात्र आपण कोण असावं हा प्रश्न असतो. एवढ्या मोठ्या गोष्टीबद्दल तिनं दिवसातून तीनदा विचार बदलला, तर तिला धरसोड का म्हणायचं?

१२ ऑक्टोबर, दसरा

आपट्याची पानं इथे कुठली, कागदाची कापली. चिपळूणला फोन लावला. ताईनं आजीला सांगितलं की ती फायर ट्रक होणार आहे. आजीनं लगेच विचारलं, "मग घंटी कोण वाजवणार गं?" मोठ्या माणसांनी असंच विचारायला हवं. आमच्यातलं बाकी प्रत्येक जण "अगं, काल तर वाघ होतीस ना!" असं म्हणतं आणि तिचा चेहरा पडतो.

धाकटा सांगाड्याला भ्यायला हे ऐकून आई म्हणाली, "तू काय कमी होतीस? शिमग्यात संकासुर अंगणात आला की माजघरात पळायचीस." खरं आहे. कोकणातल्या शिमग्याच्या खेळातलं ते सोंग, तो काळा झगा अजून डोळ्यांपुढे आहे. त्याच्या आत आमच्याच वाडीतला काका आहे असं सगळे सांगायचे, आणि त्यानं माझी भीती कणभरही कमी व्हायची नाही. म्हणून मी ठरवलंय, धाकट्याच्या तोंडावर काहीही चढवायचं नाही. तसाही एवढ्या लहान मुलांना मुखवटा नकोच, डोळ्यांची भोकं सरकली की पुढची पायरी दिसत नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

मैत्रिणींचे मेसेज येतायत, लवकर मागव, ३टी (तीन वर्षांच्या मुलांचा साईझ) संपत आलेत. त्यांचंही बरोबर आहे. पण तयार पोशाख म्हणजे बहुतेक पाठीवर चेन असलेला जम्पसूट, आणि ताईचा डायपर उन्हाळ्यातच सुटलाय. "शू आली" आणि "शू झाली" यांत जेमतेम अर्ध्या मिनिटाचं अंतर असतं, तेवढ्यात गळ्यापासून चेन उघडून, बाह्या काढून तिला बसवायचं कसं? शिवाय आतून फरसारखं जाड कापड. एरवी इथे ऑक्टोबरअखेर त्यावरही जाकीट चढवावं लागतं, पण यंदा पाऊस नाही आणि थंडीही लांबलीय.

त्यामुळे वेगळा बेत केला. साधी नारंगी पँट आणि टीशर्ट घेतला. काळ्या फेल्टच्या पट्ट्या कापल्या आणि मागे वेल्क्रो लावलं. पट्ट्या आडव्या लावल्या की वाघ आणि काढल्या की भोपळा. टीशर्टवर पुठ्ठ्याची दोन चाकं डकवली की गाडी. शेपूट जुन्या मोज्यात कापूस भरून केलं आणि तेवढं मात्र नाडीनं कमरेला घट्ट बांधायचं ठेवलं. ताई शेजारी बसून पट्ट्या लावत होती, काढत होती. फर्र, फर्र. त्या आवाजात तिला इतका आनंद होता की जेवायला हाका मारून मारून थकले.

२६ ऑक्टोबर, शनिवार

डेकेअरच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिक्क्या सजवून खाऊ वाटायचा कार्यक्रम झाला. ताई घरून वाघ होऊन निघाली आणि वाटेत मांजर झाली. धाकट्याला कुत्र्याच्या कानांची टोपी घातली होती. त्यानं ती काढून दिली, मी खिशात ठेवली. पुन्हा घाल म्हटलं नाही.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

यंदा इथे लक्ष्मीपूजन आणि हॅलोविन एकाच दिवशी आलं. पहाटे उटणं लावून अंघोळी, मग डेकेअर, ऑफिस, संध्याकाळी पूजा आणि त्यातच सोंगं. ऑक्टोबर संपतोय आणि बाहेर ऐंशी फॅरनहाइट! फरच्या पोशाखातली पोरं घामानं निथळत होती. आमचा वाघ सुती टीशर्टमध्ये मजेत होता.

मला धास्ती होती ती पणत्यांची. पॉलिस्टरच्या झालरी, परीचे घोळदार झगे घातलेली मुलं आमच्या पायऱ्या चढणार आणि पायऱ्यांवर उघड्या ज्योती. म्हणून तेलाच्या पणत्या वर खिडकीत ठेवल्या, खाली बॅटरीच्या. रांगोळी एका बाजूला काढली, खाऊचं भांडं दुसऱ्या बाजूला.

पाच वाजता निघालो. पहिल्या दारात शेजारच्या आजींनी ताईला विचारलं, "अँड व्हॉट आर यू?" ती म्हणाली, "टायगर." दुसऱ्या दारात, "फायर ट्रक." बाबा दुरुस्त करायला पुढे झाले, मी त्यांचा हात धरला. तिसऱ्या दारात पुन्हा वाघ, त्यापुढे "आजी." आजी कशी काय, तर ती कमरेवर हात ठेवून, पोट पुढे काढून उभी राहिली. हुबेहूब आईच! दार उघडलेल्या बाईंना त्यातलं काही कळलं नसणार, तरी त्या वाकून म्हणाल्या, "हॅलो, आजी." त्यांना मी मनापासून नमस्कार केला.

गावाकडे बहुरूपी यायचे, आज पोलीस, उद्या साधू. ते एका सोंगाला एक दिवस द्यायचे. माझ्या लेकीला एक दार पुरतं. स्कॉटलंडमध्ये सोंग घेतलेल्या मुलांनी खाऊ मागण्याआधी गाणं म्हणायची, काहीतरी करून दाखवायची रीत आहे, ती मला फार आवडते. ताईनं आज कुणी न सांगता तेच केलं.

धाकटा बाबांच्या खांद्यावर होता. अर्ध्या वाटेत त्यानं माझ्या खिशाकडे बोट केलं. टोपी दिली. स्वतःच घातली, उलटी, एक कान कपाळावर. "भूभू," म्हणाला आणि भुंकत राहिला.

अंधार पडताना घरी आलो, हातपाय धुऊन पूजा केली. ताई तशीच पट्ट्यांत बसली होती, मी तिला बदलायला लावलं नाही. आरतीत टाळ्या वाजवल्या, बत्तासा खाल्ला.

१ नोव्हेंबर

सकाळी आजीला फोन झाला. रविवारी भाऊबीज आहे आणि ताईनं जाहीर केलंय की ओवाळणार तो वाघ. धाकटा काय होणार ते अजून ठरलेलं नाही. टीशर्टवर चॉकलेट सांडलंय, पट्ट्या काढून मशीनला लावते. शेपूट मात्र हातानं धुवावं लागेल, आतला कापूस वाळायला दोन दिवस तरी जातील.