न्यू जर्सीत अपील केलं, आणि दुसऱ्यांचे निकाल वाचत बसले

घटस्फोट झाला तेव्हा मुलगी शाळेत होती, म्हणून सेटलमेंटमध्ये कॉलेजबद्दल एवढंच होतं की वेळ येईल तेव्हा दोघांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे बघायचं. वेळ आली आणि तिच्या वडिलांना नेमकी तेव्हाच ऐपत दिसेना. मग मी फॅमिली कोर्टात मोशन, म्हणजे अर्ज, टाकलं, टॅक्स रिटर्न, पे स्टब, फायनान्शियल एडची पत्रं, आधी पाठवलेले ईमेल, सगळं लावलं. छोटंसं हिअरिंग झालं आणि ऑर्डर आली दीड ओळीची. वडील भरू शकत नाहीत, मागणी नामंजूर. कुठला आकडा बघून, कशावरून, काहीच नाही.

बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, म्हणजे आता हायकोर्टात जाणार का तू? तसंच काहीसं. इथे फॅमिली कोर्ट हा सुपिरियर कोर्टाचाच भाग आणि त्याच सुपिरियर कोर्टाचं वरचं अंग म्हणजे अपेलेट डिव्हिजन, सिव्हिल, क्रिमिनल, फॅमिली सगळ्यांची अपिलं तिथेच जातात, आणि त्याच्यावर न्यू जर्सी सुप्रीम कोर्ट. अपेलेट डिव्हिजनमध्ये दोन किंवा तीन जजचं पॅनल असतं, ज्युरी नाही, साक्षीदार नाहीत, कोणी रडत नाही ओरडत नाही, फक्त कागद.

मुदत आहे ४५ दिवसांची. फायनल ऑर्डर निघाल्यापासून ४५ दिवसांत नोटीस ऑफ अपील गेली पाहिजे, आणि ऑर्डर खरंच फायनल पाहिजे, म्हणजे सगळे मुद्दे निकाली निघालेले. एखादा मुद्दा जरी लटकत असेल तर ती इंटरलॉक्युटरी, म्हणजे मधल्या टप्प्यावरची, मग आधी परवानगी मागा आणि त्याला मुदत फक्त २० दिवस. आमची फायनल होती. फी २५० डॉलर, केस इन्फर्मेशन स्टेटमेंट नावाचा फॉर्म, आणि सोबत ट्रान्सक्रिप्टची, म्हणजे हिअरिंगमधल्या शब्दन् शब्दाच्या लेखी नोंदीची, ऑर्डर. ट्रान्सक्रिप्टचे पैसे वेगळे आणि ते आधी भरायचे. आणि एक लक्षात ठेवा, अपील टाकलं म्हणून खालची ऑर्डर आपोआप थांबत नाही, स्टे वेगळा मागावा लागतो. माझ्या बाबतीत थांबवण्यासारखं काही नव्हतंच, सगळं नामंजूरच होतं!

वकीलबाई चांगल्या भेटल्या. पहिल्याच भेटीत मी माझी सगळी कहाणी सांगायला लागले, हा माणूस कसा, नवीन गाडी कशी घेतली वगैरे, आणि त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की यातलं खालच्या कोर्टात रेकॉर्डवर काय आहे? गाडीचं नव्हतं, कारण गाडी नंतर आली. मग ते विसरा म्हणाल्या. कॉलेजचं नवीन बिल पण मी अपेंडिक्समध्ये, म्हणजे अपिलासोबतच्या कागदांच्या गठ्ठ्यात, घालायला घेऊन गेले होते, तेही त्यांनी बाजूला काढलं. खालच्या जजनी जे बघितलंच नाही ते वरच्यांना दाखवता येत नाही. मला हे पचायला वेळ लागला, खरं सांगते. आपल्याला वाटतं अपील म्हणजे अजून एकदा सगळं सांगायची संधी, आणि वरचे लोक तर विचारतात की खालच्या जजनी आपलं काम नीट केलं का, एवढंच.

त्यांनीच होमवर्क दिलं, कोर्टाच्या साइटवर निकाल येतात ते वाचा म्हणून. बहुतेकांच्या डोक्यावर लिहिलेलं असतं की अपेलेट डिव्हिजनच्या मान्यतेशिवाय प्रकाशनासाठी नाही, हे अनपब्लिश्ड. रूल १:३६-३ प्रमाणे ते प्रिसिडेंट नाहीत, म्हणजे पुढच्या कोर्टाला बंधनकारक नाहीत. पब्लिश्ड फार थोडे. पण शिकायला अनपब्लिश्डच भारी, कारण तिथे तुमच्या आमच्यासारख्यांच्या रोजच्या भानगडी असतात. मुलगी म्हणायची, आई तू पण काय सिरियल बघितल्यासारखी वाचतेस. घरगुती हिंसाचाराच्या केसमध्ये नावं नसतात, फक्त आद्याक्षरं, तरी वाचताना पोटात कालवायचं.

आधी मी फक्त फॅमिलीचे वाचत होते, मग नाद लागला आणि सिव्हिल, क्रिमिनल पण वाचायला लागले, आणि खरं डोकं तिथेच उघडलं. कारण प्रत्येक निकालात सुरुवातीला एक परिच्छेद असतो, स्टँडर्ड ऑफ रिव्ह्यूचा, म्हणजे खालचा निर्णय वरचे किती कडकपणे तपासणार त्याचा, जो मी आधी सोडून द्यायचे. अर्धा निकाल तिथेच लागलेला असतो. सिव्हिलमध्ये समरी जजमेंट, म्हणजे ट्रायल न होता कागदांवरच दिलेला निकाल, असेल तर वरचं कोर्ट सगळं नव्याने बघतं, डी नोव्हो म्हणतात, खालच्याच्या मताला काही जादा वजन नाही. क्रिमिनलमध्ये वकिलाने ट्रायलच्या वेळी ऑब्जेक्शनच घेतलं नसेल तर प्लेन एरर, म्हणजे चूक एवढी मोठी पाहिजे की तिच्यामुळे अन्यायाचा निकाल लागू शकला असता. आणि फॅमिलीमध्ये? तिथे जजला सगळ्यात जास्त मान. १९९८ चा सीझारे विरुद्ध सीझारे म्हणून सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, तो जवळपास प्रत्येक फॅमिली निकालात दिसतोच: फॅमिली कोर्टाला या विषयाची खास जाण आहे, त्यांनी माणसं समोर बघितलीत, पुरावा असेल तर आम्ही हात घालणार नाही. हे वाचून मी दोन दिवस गप्पच होते.

काही निकाल मात्र कायमचे लक्षात राहिलेत. शेकन बेबी सिंड्रोमचा, सप्टेंबर २०२३ चा, पब्लिश्ड. बाळाला आपटल्याच्या खुणा नसताना नुसतं हलवल्यामुळे अशी इजा होते हे सायन्स पुरेसं सिद्ध नाही, म्हणून ती एक्स्पर्ट साक्ष चालणार नाही, असं खालच्या जजनी म्हटलं होतं आणि अपेलेट डिव्हिजनने ते कायम ठेवलं. आणि उलटं उदाहरण, बर्फाचं. अपेलेट डिव्हिजनने २०२० मध्ये म्हटलं की वादळ चालू असतानाही कमर्शियल जागेच्या मालकाने वाजवी काळजी घ्यायला हवी, आणि २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते फिरवलं, वादळ थांबेपर्यंत साधारणपणे जबाबदारी नाही, अपवाद आहेत पण थोडे. तेव्हा अपेलेटला जिंकलात तरी लगेच पेढे वाटू नका.

आता माझा मुद्दा. न्यू जर्सीत घटस्फोटित आईवडिलांना मुलांच्या कॉलेजचा खर्च द्यायला कोर्ट सांगू शकतं, १९८२ च्या न्यूबर्ग विरुद्ध अरिगो निकालापासून, आणि त्यात १२ फॅक्टर दिलेत: एकत्र राहिले असते तर त्या पालकाने दिले असते का, रक्कम किती, देण्याची ताकद, मुलीची अभ्यासातली गती, तिला मिळणारी मदत, तिचं त्या पालकाशी नातं कसं आहे, असे. शिवाय २००६ चा गॅक विरुद्ध गॅक, त्याप्रमाणे खर्च होऊन गेल्यावर मागायला गेलात तर ते तुमच्या विरोधात जातं. माझे ईमेल अॅडमिशनच्या आधीचे होते आणि खालच्या रेकॉर्डवर होते, ते पाहून वकीलबाईंचा चेहरा पहिल्यांदा खुलला.

पण ब्रीफचा, म्हणजे अपिलातल्या लेखी युक्तिवादाचा, मुख्य पॉइंट त्यांनी वेगळाच केला. ताकद आहे की नाही यावर भांडायचंच नाही. रूल १:७-४ सांगतो की जजनी फॅक्ट काय सापडले आणि त्यावरून कायद्याचा निष्कर्ष कसा निघाला हे मांडलं पाहिजे, आणि कर्टिस विरुद्ध फिनेरन या १९८० च्या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की नुसते उघडेवाघडे निष्कर्ष चालत नाहीत. आमच्या दीड ओळीत बारापैकी एकही फॅक्टर नव्हता. ट्रान्सक्रिप्ट आलं ते मी टेबलावर पसरून ओळ न् ओळ वाचलं. ब्रीफमध्ये प्रत्येक वाक्यामागे पान आणि ओळ द्यावी लागते, वन टी म्हणजे पहिलं ट्रान्सक्रिप्ट, मग पान, मग ओळ. मी पिवळं मार्कर घेऊन बसले, जजनी कुठे कारण दिलंय ते रंगवायला. सगळं ट्रान्सक्रिप्ट संपलं तरी पान कोरंच. हिअरिंगमध्ये जास्त वेळ तारखांवर बोलणं झालेलं, आणि हेच आमचं सगळ्यात मोठं भांडवल ठरलं.

ओरल आर्ग्युमेंट मागितलं तरच मिळतं, आम्ही मागितलं नाही, कागदांवरच सोडलं. मग वाट बघणं, वर्षाच्या वर. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, मुलगी त्या काळात पुढच्या वर्गात गेली आणि मी लोन काढलं.

निकाल छोटासाच आला, पर क्युरियम, म्हणजे कुठल्या एका जजच्या नावावर नाही. रिव्हर्स्ड अँड रिमांडेड, म्हणजे खालची ऑर्डर रद्द आणि केस परत खाली. मी ते दोन शब्द बघून ओरडलेच, मग पुढे वाचलं. तिथे स्पष्ट लिहिलं होतं की निकाल काय लागावा याबद्दल आम्ही कुठलंही मत देत नाही, खालच्या जजनी फॅक्टर बघून कारणं लिहावीत. म्हणजे एक पैसाही मिळालेला नव्हता, फक्त परत त्याच कोर्टात जायचा हक्क मिळाला. मैत्रिणींना हे समजावताना नाकी नऊ आले, त्यांच्या मते मी जिंकले होते आणि पार्टी द्यायला टाळाटाळ करत होते.

रिमांडला यावेळी प्लेनरी हिअरिंग लागलं, म्हणजे शपथेवर साक्षी, उलटतपासणी. नवीन कागद आता देता आले, त्यात गाडी पण आली. जजनी बाराच्या बारा फॅक्टर एकेक करून लिहिले, दोन तर चक्क माझ्या विरोधात गेले, एक मुलीचं वडिलांशी बोलणं कमी असल्याचा आणि एक तिने स्टेट कॉलेज न निवडल्याचा. शेवटी मुलीच्या वडिलांवर मी मागितल्यापेक्षा बराच कमी वाटा आला, आणि ते पैसे माझ्याकडे नाही तर थेट कॉलेजच्या अकाउंटला. त्यांनी अपील केलं नाही. वकीलबाई म्हणाल्या, ऑर्डर आता एवढी नीट लिहिली आहे की तिच्यावर अपील करून उपयोग नाही, दोघांनाही.