एओनियम : भेंड कुजलं, लाकूड टिकलं

मंडळी, माझं मोठं एओनियम आर्बोरियम, म्हणजे मांसल पानांचं झुडूप, गेलं. श्रावणाची झड लागली आणि बघता बघता बुंधा काळा पडला. पत्र्याखाली होतं, कुंडी कोरडी होती, तरीही. आपल्या बेळगावात पावसाळ्यात हवाच इतकी ओली असते की पान गळालेल्या खुणेतूनही बुरशी आत शिरते. याचं मूळ घर म्हणजे आफ्रिकेजवळची कॅनरी बेटं. तिथे पाऊस हिवाळ्यात, म्हणून हे झाड उन्हाळ्यात झोपतं. इथे ते जागं व्हायच्या आतच मृग येतो.

बुंधा आडवा कापला. मधल्या भेंडाचा तपकिरी लगदा झालेला, आंबूस वास. पण त्याभोवतीचं लाकडाचं फिकट कडं टणक, नखाने ओरखडा उठेना. बेटांवर मऊ खोडाच्या रोपांना लाकूड का येतं, या प्रश्नावर मागच्या वेळी आपण डार्विनपाशी अडलो होतो ना? १८५९ साली त्याने मांडलं की बेटावर मोठी झाडं पोहोचत नाहीत, म्हणून लहान रोपं एकमेकांवर कुरघोडी करत उंच होतात. हे कडं बघून मला दुसरी बाजू जास्त पटते : लाकूड दुष्काळासाठी. लाकडातल्या पाणी वाहणाऱ्या टणक नलिकांमध्ये हवेचे बुडबुडे सहज शिरत नाहीत, पाण्याचा धागा तुटत नाही. कॅनरीतल्या लाकडी झालेल्या कितीतरी जाती कोरड्या, उघड्या पट्ट्यातच आहेत. आणि बदल फार अवघडही नसावा. २००८ साली अरॅबिडॉप्सिससारख्या चिमुकल्या रोपात दोनच जनुकं बंद पाडली आणि खोडात लाकूड आलं!

शेंडा मात्र वाचला. काप सावलीत सुकवून खानापूरच्या वीटभट्टीच्या चुऱ्यात खोचला. काल हलवून पाहिला तर गुलाबी टोकांच्या मुळ्या. फार आनंद झाला. कोकोपीट आपल्या पावसाळ्यात वापरूच नका, विकणारे काहीही सांगोत.

पुढे आर्बोरियमचेच आणखी काप लावणार होते. पण लिहिता लिहिता सुचलं, सोंकस का नको? कॅनरीत त्याची झुडपं होतात, आणि तो आपल्या शेतातल्या पाथरीचा नातलग. दिवाळीनंतर दोन्ही शेजारी पेरायचे, अर्ध्या कुंड्यांचं पाणी तोडायचं. एका पिढीत उत्क्रांती दिसणार नाही, पण खोडांचे छेद शेजारी ठेवून बघता येतील. कॅनरी सोंकसचं ताजं बी कुणाकडे असेल तर कळवा. पाथरी मी बांधावरून आणते.