दिंडोरीच्या ओढ्याकाठी शिवारफेरी

नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला जाणाऱ्या नाशिककरांनी एकदा कादवा नदीच्या वरच्या अंगाला, दिंडोरी तालुक्यातही जावं. जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेल्याचं जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालेलं नांदूरमध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण. तिथे पोचणारं पाणी वाटेत काय काय घेऊन येतं, ते इकडे कळतं.

दिवाळीनंतरच्या रविवारी आम्ही चौघं एका गावाच्या शिवारफेरीत सामील झालो. ओढा लहानसा, दोन्ही अंगांना द्राक्षबागा. ऑक्टोबर छाटणी होऊन फवारण्या जोरात. पूर्वी फवारणीची यंत्रं, म्हणजे ब्लोअर, थेट ओढ्यावर धुवायचे. आता ओढा-विहिरींपासून लांबची जागा ठरली आहे. "तीन बैठका भांडलो, मग ठरलं," बरोबरचे काका म्हणाले. मला नवल वाटलं नाही. याच तालुक्यात वाघाड धरणाचं पाणी शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था मोजून वाटून घेतात. पाणी किती यावर एकत्र बसणारी माणसं, पाणी कसं यावरही बसू शकतात.

खरं शिकलो ते वरच्या उतारावर. बागेत बुरशीसाठी फवारलेल्या मोरचुदातलं तांबं नाहीसं होत नाही, मातीच्या कणांना धरून राहतं. पावसात माती ओढ्यात गेली की तांबंही गेलं. म्हणून माथ्यापासूनचे समतल चर, दगडी बांध, काठाचा गवताचा पट्टा या गोष्टी नुसतं पाणी अडवत नाहीत, विषही वरच धरून ठेवतात. पाणलोटाच्या कामाकडे मी असं कधी पाहिलंच नव्हतं! युरियातून तयार होणारं नायट्रेट मात्र बांधाला जुमानत नाही. ते विरघळून जमिनीत मुरतं, विहिरीत उतरतं. तिथे युरियाचा हातच आखडावा लागतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे.

जाणार असाल तर नोव्हेंबरात जा. ओढा वाहता असतो आणि फवारण्याही चालू असतात. उन्हाळ्यात नुसते दगड दिसतील. नाशिकहून दिंडोरी साधारण २५ किलोमीटर, एसटी मिळते. गावात आधी कळवा, विचारल्याशिवाय बागेत शिरू नका, ताज्या फवारलेल्या बागेत तर नाहीच. बंद बूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि प्यायचं पाणी घरचं. खालून वर चाला, म्हणजे गढूळ पाणी कुठल्या ओघळीतून येतंय ते सापडतं. नमुना घ्यायचा तर बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, जागा-वेळ लिहा, बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्या. अहवाल आला की आधी त्या गावाला पाठवा. आम्ही आमचा काकांकडे दिलाय, पुढच्या बैठकीत वाचणार आहेत.