होल्याचा रंग

होला, म्हणजे कबुतराच्या कुळातले छोटे पाखरू, जलरंगात रंगवणे किती अवघड आहे, हे मला खंड्या रंगवून झाल्यावर कळले. खंड्याच्या चित्रात अर्धे काम त्याची निळाईच करून टाकते. लाल चोच, गर्द तपकिरी डोके, कोरी सोडलेली पांढरी छाती आणि पाठीवर निळ्याचा एक ओला हात, एवढ्यावर पाहणारा खूश होतो. गंमत अशी की, ती निळाई पिसांत रंगद्रव्य म्हणून नसतेच. पिसाच्या आतल्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश विखुरतो, म्हणून ती दिसते. आपण मात्र ती ट्यूबमधून पिळून काढतो.

होल्याकडे असे भांडवल नाही. बीडच्या आमच्या घरी गच्चीच्या कठड्यावर रोज येऊन बसणारा हा पक्षी लांबून नुसता मातकट दिसतो. पण नीट पाहिले की डोक्यावर गुलाबी-जांभळी झाक, गळ्यापाशी तांबूस पट्ट्यावर काळे ठिपके, पंखाच्या कडेला राखी निळा आणि पाठ अंगणातल्या वाळक्या मातीसारखी, असे सगळे एकमेकांत विरलेले सापडते. हे रंग तसेच विरायला हवे असतील, तर कागद ओला असतानाच ते शेजारी शेजारी सोडावे लागतात, आणि मराठवाड्यातला एप्रिल तेवढी सवड देत नाही. पाठीवरून निघालेला ब्रश पंखापर्यंत पोहोचतो, तोवर पाठ वाळलेली असते आणि मध्ये कडक रेघ उमटते. म्हणून मी ३०० जीएसएमचा जाड कागद दोन्ही बाजूंनी भिजवून घेते आणि पहाटे, ऊन चढण्याआधी बसते.

सुरुवातीला मी एकेक पीस रेखाटत असे. त्याने होल्याला खवले आल्यासारखे वाटे. आता उडायच्या मोठ्या पिसांच्या चारदोन कडा तेवढ्या कोरड्या ब्रशने ओढते. ठिपक्यांसाठी ट्यूबमधला काळा वापरत नाही, तो फार मेलेला दिसतो. अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट अंबर हा तपकिरी मिसळून केलेला काळा जिवंत वाटतो. डोळ्यातला चमकणारा ठिपका मात्र कागदाचाच राखावा लागतो. एकदा तो रंगाखाली गेला, की वरून लावलेला पांढरा टिकली चिकटवल्यासारखा दिसतो. माझे निम्मे होले त्यापायीच आंधळे झाले आहेत.

पाण्याचे दोन ग्लास लागतात, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ. टँकरच्या दिवसांत आई त्या ग्लासांकडे बघून म्हणते, “पाखरांना प्यायला पाणी नाही, अन् तू पाण्यानं त्यांची चित्रं काढायलीस!” मी काही बोलत नाही. चित्र वाळत पडले की ती स्वच्छ ग्लासातले उरलेले पाणी कठड्यावरच्या मातीच्या परळात ओतते आणि गढूळ ग्लास सदाफुलीच्या मुळाशी रिकामा करते.