नळ्या पोलादाहून मजबूत, मग प्लास्टिक का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. बडोद्यात राहून पॉलिमरच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, धंद्यात असलेल्या माणसाला हा प्रश्न चुकत नाही. दांडिया बाजारातल्या गणपतीत म्हणा, लग्नाच्या पंगतीत म्हणा, कोणीतरी विचारतंच: "काका, कार्बन नॅनोट्यूब पोलादाच्या कितीतरी पट मजबूत असते ना? मग चिमूटभर प्लास्टिकमध्ये टाकली की त्याचं पोलाद का होत नाही?"

आकडे खोटे नाहीत. १९९१ मध्ये जपानमध्ये सुमिओ इजिमा यांनी कार्बनच्या अणूंच्या या अतिसूक्ष्म नळ्यांचं वर्णन छापलं आणि जगभरच्या प्रयोगशाळा त्यांच्या मागे लागल्या. लांबीच्या दिशेने नळीचा ताठरपणा, म्हणजे ओढलं तरी न ताणण्याचा गुण, हजार गिगापास्कलच्या (हे त्याचं एकक) आसपास, पोलादाचा २००. घोडं अडतं ते मिसळण्यात.

पिशवीत येते ती काळी, फुसफुशीत पूड. तिचा डोळ्यांना दिसणारा प्रत्येक कण म्हणजे असंख्य नळ्यांचा गुंता. एकेक नळी काही नॅनोमीटर जाड आणि काही मायक्रोमीटर लांब. एका ग्रॅमचा पृष्ठभाग दोन-अडीचशे चौरस मीटर भरतो. दोन नळ्या शेजारी आल्या की व्हॅन डर वाल्स आकर्षण, म्हणजे जवळ आलेल्या रेणूंमधली क्षीण ओढ, त्यांना धरून ठेवतं. एका ठिकाणी ते नगण्य असतं, पण नळीच्या अख्ख्या लांबीवर त्याची बेरीज झाली की सुटता सुटत नाही. पिठलं घाईत केलं की गुठळी होते, फोडली तर आत कोरडं पीठ. इथेही तसंच. गुंत्याच्या आत पॉलिमर शिरतच नाही. असा कोरडा गोळा ताकद तर देत नाहीच, उलट तडा तिथूनच सुरू होतो.

मग गुंता सोडवायचा कसा? प्रयोगशाळेत अल्ट्रासोनिक प्रोब वापरतात. बीकर बर्फात ठेवायचा, प्रोब बुडवायचा. कानठळ्या बसवणारी चिरकी शीळ सुरू होते आणि द्रवात सूक्ष्म बुडबुडे फुटून नळ्या सुट्या होतात. जास्त वेळ चालवलं तर नळ्याच तुटतात, आणि आखूड नळीला पॉलिमर पुरता धरत नाही. नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लात उकळून नळ्यांवर कार्बॉक्सिल गट (ऑक्सिजन असलेले अणूंचे छोटे पुंजके) बसवले तर पॉलिमरशी पकड सुधारते, पण भिंतीला भोकं पडतात आणि विजेचं वहन घटतं. फुकट काहीच मिळत नाही. इपॉक्सी, म्हणजे नंतर घट्ट होणारं चिकट रेझिन, असेल तर तीन रोलांची मिल मला जास्त पटते. रोलांमधली फट काही मायक्रोमीटरवर आणली की गोळे चिरडण्याऐवजी ओढून उलगडले जातात.

कारखान्यात यातलं फारसं चालत नाही. तिथे ट्विन स्क्रू एक्स्ट्रूडर, म्हणजे दोन फिरत्या स्क्रूंनी प्लास्टिक वितळवून मळणारं यंत्र, आणि मास्टरबॅच, म्हणजे आधीच भरपूर नळ्या मिसळलेले प्लास्टिकचे दाणे. सुटी पूड यंत्राच्या हॉपरमध्ये ओतण्यापेक्षा हे दाणे घेणं मी केव्हाही पसंत करीन. धूळ उडत नाही हा मोठा फायदा. एका प्रकारच्या बहुभित्तिक (एकात एक भिंती असलेल्या) नळ्यांना कर्करोगाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 'संभाव्य कर्ककारक' गटात घातलं आहे. तेव्हा तोंडाला रुमाल बांधून पोतं फोडणाऱ्यांशी माझं भांडण ठरलेलं. माल नीट मिसळला का ते बघायला एक दाणा दोन काचांमध्ये गरम करून दाबायचा, पातळ पापुद्रा झाला की उजेडासमोर धरायचा. एकसारखा धुरकट दिसला तर ठीक. काळे ठिपके दिसले तर पुढच्या महागड्या चाचण्यांवर पैसे घालवू नका.

आता दिशा. इपॉक्सीचा स्वतःचा ताठरपणा सुमारे ३ गिगापास्कल. आकारमानाने १ टक्का नळ्या सगळ्या एका दिशेला उभ्या केल्या, तर कागदावर त्यात १० गिगापास्कलची भर पडते. त्याच नळ्या वाटेल तशा पसरल्या तर भर उरते पाचव्या हिश्श्याची, २ गिगापास्कल. प्रत्यक्षात पकड अपुरी, नळ्या वाकड्या, म्हणून त्याहून कमी. एवढ्यावर पोलाद कसं होणार?

नळ्या एका दिशेला लावता येतात. वितळलेला धागा ओढून, विद्युतक्षेत्रात ठेवून, तीव्र चुंबकीय क्षेत्रात ठेवून. १९९४ मध्ये पुलिकेल अजयन आणि सहकाऱ्यांनी तर नळ्या घातलेल्या रेझिनचे अतिपातळ काप घेतले आणि कापतानाच्या ओढीनेच नळ्या सरळ झाल्या. मला हा प्रयोग फार आवडतो, खास यंत्र नाही की काही नाही.

पण सरळ म्हणजे चांगलंच, असं नाही. आपल्याकडे या नळ्यांचं गिऱ्हाईक बहुतेक ताकदीसाठी येत नाही. त्याला अँटिस्टॅटिक, म्हणजे स्थिर वीज साठू न देणारा, माल हवा असतो. काजळी दहा-पंधरा टक्के घालावी लागते तिथे नळ्या दोन-तीन टक्क्यांत काम करतात, कारण लांब नळ्या एकमेकींना टेकून विजेसाठी वाट तयार करतात. सगळ्या समांतर झाल्या की टेकणंच कमी होतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या गटाने २००५ मध्ये हेच दाखवलं: सर्वांत जास्त वहन किंचित कललेल्या नळ्यांत, पूर्ण सरळ नळ्यांत नाही.

इथल्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतला एक तरुण कारखानदार इलेक्ट्रॉनिक्सचे ट्रे करतो. त्याचं म्हणणं, "काका, दाणे टेस्टमध्ये पास होतात, ट्रे नापास. मास्टरबॅच वाढवू का?" मी म्हटलं, आधी मशीनचा वेग दाखव. साच्यात माल जोरात घुसला की भिंतीलगतच्या थरात नळ्या ओढल्या जाऊन सरळ होतात, एकमेकींपासून सुटतात, आणि विजेचं वहन तपासणारा मीटर मोजतो तो नेमका हाच थर. इंजेक्शनचा वेग उतरव, वितळलेल्या मालाचं तापमान पॉलिमरला झेपेल तेवढं चढव, म्हणजे थिजण्याआधी नळ्यांना पुन्हा टेकायला अवसर मिळेल. मास्टरबॅचच्या टक्क्याला त्यानंतर हात लाव.